परक्या घराला ‘येते’ म्हटलं

लिस्बन, १२ मे २०२४

प्रिय मावशी,

सा. न. पोहोचलो गं, चौघेही आणि सामानही. तुला फोनवर ओरडून सांगण्यापेक्षा मेल बरी. मागच्या वेळी मी ‘आईचं तिकीट आलं’ म्हटलं तर तू ‘कुणाची विकेट गेली?’ विचारलंस!

केयूरने नेटवर फोटो बघून आल्फामात घर भाड्याने घेतलंय. आल्फामा म्हणजे इथली सगळ्यात जुनी वस्ती. फोटोत सगळं होतं, फक्त जिना नव्हता. मावशी, इथे गल्ली म्हणजेच जिना! टॅक्सी खाली सोडते आणि मग दगडी पायऱ्या चढत बसायचं. आईच्या गुडघ्यांची पहिल्याच दिवशी वाट लागली. घरमालक भेटलाच नाही. दाराशेजारी नंबर फिरवायची पेटी होती, त्यात चावी.

दुसऱ्या दिवशी आईने जाहीर केलं, ‘तुम्ही फिरा, मी खिडकीत बसते.’ मला इतकं वाईट वाटलं! बाबा गेल्यावर तिला जरा बाहेर काढावं म्हणून तर ही सगळी यातायात. वसईच्या किल्ल्यात आम्हाला सहलीला न्यायचीस ना तू, तो बांधणाऱ्यांचं गाव तिला दाखवायचं होतं. गाव राहिलं बाजूला, संध्याकाळी तिला पांढरे स्पोर्ट्स शूज घालून कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत नेतो, तेवढंच. नाड्या मी बांधते, तिला वाकता येत नाही.

पण आई मजेत आहे. तिला मैत्रीण मिळालीये! आम्ही बाहेर पडलो की कुणी म्हातारी येऊन बसते म्हणे. काळी शाल, हातात फडकं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी गप्पा रंगतात. आई म्हणते, ‘अगं, ती चावीला शाव म्हणते, साबणाला सबांव, बालदीला बाल्द! आपलेच शब्द, नुसते बोबडे.’ आम्ही यायच्या आत ती गेलेली असते. समोरच्या खिडकीतली असणार.

आणि गार्गीचं ऐक. पहिल्या दिवशी ती आजीला ‘जाते गं’ म्हणाली. झालं! आजीने उंबऱ्यावर थांबवून धडा दिला : जाते म्हणायचं नाही, नेहमी ‘येते’ म्हणायचं. आता ही आठ वर्षांची बाई ट्रामला येते म्हणते, मासेवाल्याला येते म्हणते, चर्चच्या कबुतरांनाही येते म्हणते.

परत आले की येते पार्ल्याला.

तुझी,
दीप्ती


विलेपार्ले, १४ मे २०२४

चि. दीप्तीस अनेक आशीर्वाद.

मेल मिळाली. देवव्रतने अक्षरं मोठी करून दिलीत, लेक गुणाचा आहे, त्यामुळे वाचायला त्रास नाही. आयुष्यभर टेलिफोन खात्यात बसून गावाचे कॉल जोडून दिले आणि आता सख्ख्या भाचीचा आवाज मशीन लावूनही ऐकू येत नाही. देवाला विनोद कळतो म्हणायचं.

आमची रत्ना मुलुंडला समोरच्या फ्लॅटमधल्या बाईशी बोलायला लाजते आणि तिथे पोर्तुगीज बायकांशी गप्पा मारते, हे वाचून फार हसले. लहानपणी पाहुणे आले की ती माझ्या परकराआड लपायची. म्हातारपणी अंगात आलं म्हणायचं! चांगलं आहे. श्यामसुंदर गेल्यापासून ती कुणाशी धड बोलली नव्हती.

एकच विचारते. ही बाई तुमच्यापैकी एकाने तरी पाहिली का? दार उघडून तिला आत कोण घेतं? रत्नाला तर खुर्चीतून उठायला कुणीतरी हात द्यावा लागतो. मी आपली जुन्या वळणाची, परक्या गावात दाराला कडी असावी असं वाटतं.

गार्गीला म्हणावं, पणजी असती तर तुझ्या पाठीवर थाप मारली असती. तिच्यासमोर ‘जाते’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आल्यावर पार्ल्याला ये. आंब्याची डाळ करते.

तुझी,
जयंतीमावशी


लिस्बन विमानतळ, १९ मे २०२४

प्रिय मावशी,

विमान लेट आहे, म्हणून लिहितेय. एक विचित्र गोष्ट झाली, पण तू उगाच घाबरू नकोस.

आज सकाळी बॅगा उतरवताना खालच्या मजल्यावरची बाई पहिल्यांदाच भेटली. इंग्रजी बोलणारी होती. मी सहज म्हटलं, तुमच्या इथल्या आजींनी आमच्या आईला छान सोबत केली, त्यांना थँक्स सांगा. ती म्हणाली, कुठल्या आजी? मी वर्णन केलं, काळी शाल आणि फडकं. तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ती तर या घराची मालकीण. जिना उतरवत नव्हता म्हणून कित्येक वर्षं त्याच खिडकीत बसलेली असायची. फेब्रुवारीत त्याच खुर्चीत गेली. मुलगा दुसऱ्या गावी असतो, तो आता घर भाड्याने देतो.

केयूर म्हणतो, घरात तिचा फोटो असेल, आईने तो बघितला आणि एकटेपणात मनानेच मैत्रीण उभी केली. बाबांनंतर असं होतं म्हणे. मुंबईत गेल्यावर डॉक्टरांना दाखवू, आत्ता आईला काही बोलायचं नाही, असं ठरलं. फोटो मला तरी कुठे दिसला नव्हता.

निघताना आई उंबऱ्यात थांबली, वळली आणि रिकाम्या खोलीला म्हणाली, ‘येते हं.’

एक गंमतही सांगते. तिच्या बुटाच्या नाड्या बांधायला वाकले तर त्या आधीच बांधलेल्या होत्या, दुहेरी गाठ, टोकं नीट आत खोचलेली. माझा नवरा आणि एवढा नीटनेटका! प्रवासाने माणूस सुधारतो म्हणतात ते खोटं नाही.

बोर्डिंग सुरू झालं. आले की येतेच.

तुझी,
दीप्ती


विलेपार्ले, २० मे २०२४

चि. दीप्तीस आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

श्यामसुंदर गेले तेव्हा तुमच्याकडे किती माणसं भेटायला येऊन गेली, आठव. निघताना एकाने तरी ‘येतो’ म्हटलं का? नाही म्हणत. घरात माणूस गेलेलं असलं की येतो म्हणायचं नाही आणि घरच्यांनी ‘या’ म्हणायचं नाही. गुपचूप चपला घालून निघायचं. हे तुला कुणी शिकवलं नसेल, बघून बघून कळलं असेल. रत्नाला तर चांगलं माहीत आहे. पण त्या घरात कुणी गेलंय हेच तिला कुठे माहीत होतं? आणि माहीत असूनही तू तिला सांगितलं नाहीस.

फेब्रुवारीला तीन महिने झाले, असं म्हणू नकोस. गेलेलं माणूस अजून खुर्चीत येऊन बसत असेल तर ते घर सुतकातलंच. आणि ‘येते’ हा काही नुसता शिष्टाचार नाही गं, तो शब्द दिलेला असतो.

मला दोन गोष्टी कळव. रत्ना येते म्हणाली तेव्हा आतून कुणी ‘ये’ म्हणालं का, हे तिलाच विचार. आणि नाड्या केयूरने बांधल्या का, ते त्याला विचार.

मी वेडी म्हातारी ठरले तर आनंदच आहे. पार्ल्याला ये.

जयंतीमावशी


मुलुंड, ३० जून २०२४

प्रिय मावशी,

रागावू नकोस, महिनाभर उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर तुझी मेल वाचून मी चिडले होते. आज चिडायचं त्राण नाही.

नाड्या केयूरने बांधल्या नव्हत्या. त्याला वाटलं मी बांधल्या.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. आजचा वार, पंतप्रधान, शंभरातून सात वजा, आईने सगळं पटापट सांगितलं. स्मरणशक्ती झकास, म्हणाले. आणि मावशी, तिचे गुडघे दुखायचे थांबलेत. परवा लिफ्ट बंद होती तर चार मजले गार्गीच्या पुढे चढून आली, धापही लागली नाही. सोसायटीतले लोक विचारतात, कुठलं तेल लावता? सगळ्यांना आनंद झालाय, मला सोडून.

दिवसभर ती खोलीतल्या खिडकीत बसते. तुला माहीत आहे, खाली पार्किंग, पलीकडे नाला आणि मग डोंगर. तिला आता तिथे जिना दिसतो, खिडकीला टेकलेला. मी म्हटलं, ‘आई, चौथा मजला आहे आपला.’ तर म्हणाली, ‘हो ना, म्हणून तर जिना लागतो.’ अगदी सहज. वेडं माणूस असं बोलत नाही ना गं?

शेवटी धीर करून ती बाई गेलेली होती हे सांगितलं. आईला धक्काबिक्का काही बसला नाही. म्हणाली, ‘मला कळलं होतं चौथ्या दिवशी. पण म्हातारी इतकी एकटी होती, तिला तोंडावर कसं सांगायचं?’ मग मी तुझा प्रश्न विचारला, आतून कुणी ये म्हणालं का. म्हणाली, ‘म्हणाली की. तिच्या भाषेत. पण ये म्हटलेलं कुठल्याही भाषेत कळतं.’

तिला शब्द दिलाय म्हणते, वाट बघत असेल म्हणते. मावशी, मला भीती वाटते. बाबा आत्ता गेले. मला आई हवी आहे. काय करू सांग.

तुझी,
दीप्ती


विलेपार्ले, २ जुलै २०२४

चि. दीप्तीस आशीर्वाद.

आत्ताच्या आत्ता आले असते, पण परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नंतर महिनाभर देवव्रत मला दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाही. तोवर मी सांगते ते कर.

खात्यात आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. चुकीच्या ठिकाणी जोडला गेलेला कॉल आपोआप तुटत नाही. ज्याने लावला त्यालाच फोन खाली ठेवावा लागतो, नाहीतर मधल्या कुणाला तरी तो कॉल दुसरीकडे वळवून घ्यावा लागतो. नुसतं दुर्लक्ष केलं तर लाइन चालूच राहते.

रत्नाने शब्द दिलाय, तर रत्नानेच तो मागे घ्यायचा. खिडकीशी उभं राहून मोठ्याने म्हणायचं, ‘मी येत नाही.’ लाजू नको म्हणावं. ही मेल तिला वाचून दाखव आणि सांग, ताईचा हुकूम आहे. ती माझं ऐकते. निदान शाळेत असेपर्यंत तरी ऐकायची.

डोळा बरा झाला की मीच येईन. तू तिला घेऊन पार्ल्याला ये, जमलं तर.

जयंतीमावशी


मुलुंड, १ सप्टेंबर २०२४

प्रिय मावशी,

तेराव्याला तू आलीस, पण एवढ्या माणसांत बोलता आलं नाही. आज सगळं लिहिते.

तुझी मेल मी आईला तेव्हाच वाचून दाखवली होती. ती खूप हसली. म्हणाली, ‘ताईने जन्मभर दुसऱ्यांचे कॉल तोडले, आता माझा तोडते.’ पण ‘येत नाही’ काही म्हणाली नाही. मी हातापाया पडले, रडले. माझे डोळे पुसले तिने, आणि विषय बदलला.

आई गेली त्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले. नेहमीसारखं ‘येते गं आई’ म्हटलं. ती नेहमी ‘ये’ म्हणते. त्या दिवशी म्हणाली, ‘जाते गं.’ गार्गीने लगेच पकडलं, ‘आजी, जाते नाही, येते म्हण!’ आईने तिच्या गालावरून हात फिरवला. येते म्हणाली नाही. मला उशीर होत होता, वाटलं बोलण्याच्या ओघात गेलं. मावशी, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुपारी कामाच्या बाईंचा फोन आला. आई खिडकीतल्या खुर्चीत होती, झोपल्यासारखी. पायात ते पांढरे शूज. मे महिन्यापासून ते माळ्यावर खोक्यात होते. नाड्यांना दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. शूजचे तळ ओले होते आणि त्यांना घरातली धूळ नव्हती, खडूसारखी पांढरी दगडी माती होती. लोक जमायच्या आत मी ते शूज काढून ठेवले. केयूरलासुद्धा सांगितलं नाही.

आणि आता गार्गी. सुतकाच्या त्या सगळ्या दिवसांत घरात कुणाच्या तोंडून ‘येते’ आलं नाही, फक्त तिच्या. ती रोज शाळेत निघताना आईच्या खोलीकडे बघून ‘येते आजी’ म्हणत होती. आम्हाला गोड वाटायचं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तुझं पत्र मी वाचलं होतं गं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मोठ्या माणसांना गप्प राहायचं आपोआप कळतं, पोरीला कुणी सांगितलंच नाही. उलट येते म्हणायला आजीनेच शिकवलं होतं.

काल सकाळी ती दिसेना. आईच्या खुर्चीत बसली होती, युनिफॉर्म घालून. पायात शाळेचे बूट. तिला अजून नाडी बांधता येत नाही, केयूर बांधतो, आणि केयूर दोन दिवस बंगलोरला आहे. दुहेरी गाठ. टोकं आत.

मी विचारलं, ‘कुणी बांधल्या?’ म्हणाली, ‘आजीने. तिच्या मैत्रिणीने तिला शिकवलं.’ मग खिडकीकडे बोट करून म्हणाली, ‘आई, आजी मधल्या पायरीवर बसलीये. मी येते म्हटलं की ती ये म्हणते.’

खिडकीला कुलूप घातलंय. खोलीलाही घातलंय. पण तूच म्हणालीस, दुर्लक्ष केलं तर लाइन चालूच राहते. गार्गी माझी एकुलती एक पोर आहे गं. मी या वेळी ‘येते’ लिहीत नाही. तूच ये. लवकर ये.

दीप्ती


विलेपार्ले, ९ सप्टेंबर २०२४

चि. दीप्तीस आणि चि. गार्गीस अनेक आशीर्वाद.

काल तुमच्याकडून परत येताना रिक्षा आरेतून आली. झाडं बघत होते. नवीन डोळ्याने पानन्‌पान वेगळं दिसतं. रत्नाला हे सांगायचं राहिलं, असं मनात आलं आणि मग म्हटलं, राहिलं कसं, सांगू की.

तुला मी दाराबाहेर बसवलं होतं, म्हणून आत काय झालं ते तुला कळायला हवं.

आधी मी कानातलं मशीन काढून पर्समध्ये ठेवलं. मशीन काढलं की मला ढोलसुद्धा ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे. खुर्चीत बसले आणि म्हटलं, ‘रत्ना, ताई बोलतेय.’

तिचा आवाज आला. इतका स्पष्ट, की मला नोकरीतले दिवस आठवले. पावसाळ्यात कोकणातली लाइन लागायची तेव्हा किती खरखर असायची! इथे काही नाही. रत्ना म्हणाली, ‘ताई, पोरगी येते म्हणाली म्हणून थांबलेय. नाहीतर कधीच वर गेले असते.’ माझी बहीण वाईट नाही गं दीप्ती. शब्द दिला की तो पाळायचा, दिलेला शब्द ऐकला की वाट बघायची, एवढंच तिला कळतं. तिच्यामागे दुसरी कुणीतरी होती, फडकं पिळल्याचा आवाज येत होता.

मग मी खात्यातल्या आवाजात म्हटलं, ‘नंबर चुकलाय. पोरगी शाळेत जाताना घराला येते म्हणाली, तुला नाही. हा कॉल माझ्याकडे वळवा.’

मग लहानपणी विचारायची तसंच तिने विचारलं, ‘ताई, तू येशील? आणि तुझे गुडघे?’ मी म्हटलं, तुझे बरे झाले ना, माझेही होतील. पाहुण्यांना लाजून माझ्या परकराआड लपणारी मुलगी परक्या गावच्या जिन्यावर एकटी बसलीये, हे मला सोसवेना. मी येते म्हटलं. ती ये म्हणाली.

त्यानंतर मी गार्गीला आत बोलावलं आणि तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, ‘आजी, मी येत नाही.’ पोर फार रडली. रडू दे. रडलेलं बरं.

आता खिडकीचं कुलूप काढ, घरात वारा येऊ दे. गार्गीने शाळेत जाताना येते म्हणायचं सोडायचं नाही. फक्त तुझ्या तोंडाकडे बघून म्हणायचं, आणि तू कितीही घाईत असलीस तरी तिला ‘ये’ म्हणायचं, चांगलं खणखणीत. तिच्या ‘येते’ला घरातलंच कुणी उत्तर दिलं म्हणजे झालं.

तू येऊन माझी समजूत घालशील, म्हणून आधीच सांगते, झाला तो सौदा वाईट नाही. मी एक्क्याऐंशीची, ती आठची. जन्मात नाडीचे बूट घातले नव्हते, काल देवव्रतला पांढरे आणायला लावले. सकाळी फिरायला जाणार असं सांगितलंय, तो बिचारा खूश आहे. माझ्या खिडकीखाली अजून सोनचाफाच आहे, जिनाबिना काही दिसत नाही, उगाच खोटं कशाला लिहू? पण कालपासून गुडघे दुखत नाहीत.

दर पत्राच्या शेवटी मी तुला पार्ल्याला ये म्हणते. या वेळी म्हणत नाही. पुढे सगळ्यांबरोबर यावं लागेल तेव्हा ये, देवव्रतजवळ घटकाभर बस. निघताना मात्र कुणालाही काही बोलू नकोस. गुपचूप चपला घाल आणि घरी जा, पोर वाट बघत असेल.

तुझी,
जयंतीमावशी